कल्चर टाकूनही मुरघास खराब होतोय? तपासणी कुठून सुरू करायची

मुरघास म्हणजे बारीक कापलेला हिरवा चारा (कुट्टी) हवाबंद दाबून आंबवलेला. तो बिघडला तर आधी लक्षणं बघू, कारण उपाय त्यांच्यावरच ठरतो.

पिशवी उघडली की वरचा वीतभर थर काळा-पांढरा निघतो, खालचा माल मात्र बरा असतो. किंवा पहिल्या दिवशी छान आंबूस वास येतो आणि चौथ्या दिवशी हात घातला तर आतून गरम लागतं. किंवा उघडताक्षणीच खवट तुपासारखा, उलटीसारखा वास येतो आणि कुट्टी बोटांना बुळबुळीत लागते. ढोरं तोंड लावून मागं सरतात, गव्हाणीत अर्धं तसंच राहतं, दूध लिटर-दीड लिटरनं उतरतं, शेण पातळ होतं. आणि मग फोन येतो, "भाऊ, कल्चर तं बराबर टाकलं व्हतं, मंग कावून सडलं?"

मी घाटाखालचा, बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातला. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेऊन गावी आलो, ट्रॅक्टरवरचं कुट्टी मशीन घेतलं आणि नऊ वर्षांपासून आजूबाजूच्या गावांत मक्याचा, ज्वारीचा मुरघास भरून देतो. भरून दिल्यावर बिघडला की बघायलाही मीच जातो. त्या फेऱ्यांतून एक गोष्ट पक्की झाली आहे. दहा ठिकाणी गेलो तर आठ-नऊ ठिकाणी दोष कल्चरमध्ये नसतो.

कल्चर म्हणजे विरजण. विरजण कितीही चांगलं असू द्या, दूध कढत असेल किंवा त्यात निम्मं पाणी असेल तर दही लागत नाही. मुरघासातले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असेच असतात. त्यांना चाऱ्यातली साखर हवी, बेताची ओल हवी आणि हवा अजिबात नको. एवढं मिळालं की ते आम्ल तयार करतात, सामू (pH, जितका कमी तितकं जास्त आंबट) ४ च्या आसपास उतरतो आणि सडवणारे बाकीचे जीव तिथं वाढू शकत नाहीत. यातलं एक जरी चुकलं तरी पाकिटातले कोट्यवधी जिवाणू काही करू शकत नाहीत. म्हणून दुसरं महाग पाकीट आणण्याआधी खालच्या क्रमानं तपासा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

नाक, हात आणि एक प्रश्न

पहिला प्रश्न असा, की माल उघडतानाच खराब होता का उघडल्यावर झाला? याचं उत्तर नसेल तर पुढची सगळी तपासणी अंधारात होते. उघडतानाच खराब असेल तर चूक भरताना किंवा वावरात झाली. उघडताना चांगला असून नंतर बिघडला असेल तर चूक वापरण्यात आहे आणि ती आजच सुधारता येते.

आता कोपरापर्यंत हात आत घाला. चांगला मुरून थंड झालेला मुरघास बाहेरच्या हवेपेक्षा गरम लागत नाही. उघडल्यावर तापायला लागला म्हणजे आत हवा शिरली आणि यीस्ट जागं झालं. हे यीस्ट जिवाणूंनी तयार केलेलं लॅक्टिक आम्लच खातं. आम्ल संपलं की सामू चढतो आणि मग बुरशीला रान मोकळं मिळतं. म्हणजे आधी ऊब येते आणि बुरशी नंतर दिसते. आमच्या शेजारच्या गावातल्या एका काकूंना मी हे सांगितल्यापासून त्या रोज सकाळी गव्हाण भरण्याआधी मुरघासात हात घालून बघतात. डोळ्यांना काही दिसायच्या दोन दिवस आधीच त्यांना कळतं.

वासाचं म्हणाल तर आंबट ताकासारखा किंवा हलका फळासारखा वास चांगला. व्हिनेगरसारखा थोडा उग्र वास चालतो. खवट तुपाचा वास म्हणजे ब्युटिरिक आम्ल, म्हणजेच ओल जास्त होती किंवा माती आली होती. एक वास मात्र भल्याभल्यांना फसवतो. भाजलेल्या गुळासारखा, तंबाखूसारखा गोड वास आणि गडद तपकिरी रंग. ढोरं हा माल आवडीनं खातात, त्यामुळे मालक खूश असतो आणि दूध का वाढत नाही ते कळत नाही. हा मुरघास आत बंद असतानाच प्रचंड तापलेला असतो. त्यातली प्रथिनं उष्णतेनं अशी बांधली जातात की जनावराला पचतच नाहीत. खाल्लं भरपूर, अंगी लागलं थोडं.

पिशवी किती मोठी आणि ढोरं किती

उन्हाळ्यातल्या तक्रारी मला सर्वांत जास्त इथंच सापडतात. एका दुभत्या गाईला दिवसाला १५ ते २० किलो मुरघास लागतो. तीन गाई धरल्या तर रोजचे साठेक किलो. एक टनाची पिशवी उघडली तर ती सोळा-सतरा दिवस चालणार. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात उघडी पिशवी सोळा दिवस टिकवणं कोणत्याही कल्चरला जमायचं नाही.

तीन-चार ढोरं असणाऱ्यांनी ५० किंवा १०० किलोच्या पिशव्याच भराव्यात, म्हणजे उघडलेली पिशवी एक-दोन दिवसांत संपते. पिशवीमागे खर्च थोडा वाढतो, पण एका मोठ्या पिशवीतला दोन क्विंटल माल उकिरड्यावर टाकण्यापेक्षा तो परवडतो. खड्डा किंवा बांधीव हौद असेल तर समोरच्या उभ्या भिंतीवरून हिवाळ्यात रोज निदान १५ सेंटिमीटर आणि उन्हाळ्यात ३० सेंटिमीटर जाडीचा थर निघालाच पाहिजे. एवढी ढोरं नसतील तर पुढच्या वेळी खड्डा अरुंद करा. आणि काढताना फावड्यानं सगळं हलवून सैल करू नका, वरून खाली सरळ कापून घ्या. सैल झालेल्या मालात हवा आतवर जाते.

भोकं

हे काम पाच मिनिटांचं आहे. पिशवी सावलीत आडवी करून चारही बाजूंनी बघा. उंदरानं पाडलेलं भोक करंगळीएवढं असतं, पण त्याच्याभोवती ताटाएवढा गोळा बुरशीचा होतो. तुरीच्या कुटाराच्या गंजीला लागून पिशव्या ठेवल्या असतील तर उंदीर येणारच, कारण त्यांचं घर तिथंच आहे. तोंड बांधलेल्या जागी फक्त सुतळी असेल तर तिथूनही हवा जाते. आतलं प्लास्टिक पिळून, दुमडून, मग बांधायचं. उन्हात ठेवलेलं प्लास्टिक वर्षभरात ठिसूळ होतं. भोक सापडलं तर रुंद चिकटपट्टी लावून ती पिशवी आधी वापरायला काढा.

बुरशी फक्त भोकापाशी किंवा फक्त वरच्या थरात असेल तर तुमचा मुरघास मुळात चांगला आहे. खराब भाग आणि त्याभोवतीचा चांगला वाटणारा वीतभर भागही काढून टाका. बुरशीचे धागे आणि विष डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढंपर्यंत गेलेलं असू शकतं. हे काम करताना तोंडाला दुपट्टा बांधा. बुरशीची ती धूळ फुप्फुसाला खरंच घातक असते. आणि काढलेला माल शेळ्यांपुढं टाकू नका. गाईनं नाकारलं म्हणून शेळीला घालायची आपल्याकडं सवय आहे, आणि खराब मुरघासातून होणाऱ्या लिस्टेरियाच्या आजाराला शेळ्या-मेंढ्याच लवकर बळी पडतात.

सामूची पट्टी

शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतात ती सामूपट्टी रासायनिक साहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळते. मूठभर मुरघास थोड्या स्वच्छ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, पिळा, पट्टी बुडवा. मक्याचा चांगला मुरघास ३.८ ते ४.२ दाखवतो. ४.५ च्या वर गेला तर शंका घ्या. ५ च्या वर असेल आणि वासही खवट असेल तर तो माल दुभत्या किंवा गाभण जनावराला घालू नका. तीन ठिकाणचा माल तपासा. वरचा ५ आणि मधला ४ आला तर हवा वरून गेली. सगळीकडं सारखाच ५ आला तर आंबवणीच नीट झाली नाही, म्हणजे दोष पुढच्या चार गोष्टींत शोधायचा.

कल्चर आणि पाणी

आता कल्चरची पाळी. पाकीट दुकानात कुठं ठेवलं होतं ते आठवा. पत्र्याखालच्या दुकानात दोन उन्हाळे काढलेल्या पाकिटात जिवंत जिवाणू फारसे उरत नाहीत. अंतिम तारीख बघा. मात्रेचा हिशोब करा. चाऱ्याच्या दर ग्रॅमला निदान १ लाख जिवंत जिवाणू पडायला हवेत. एका टनात १० लाख ग्रॅम, म्हणजे टनाला १०,००० कोटी जिवाणू. पाकिटावर दर ग्रॅमला किती ते छापलेलं असतं, त्यावरून एका पाकिटात किती टन होतात ते काढा. हा आकडाच छापलेला नसेल तर ते पाकीट घेऊ नका.

पाकिटावरच्या नावांनी गोंधळू नका. जुन्या पाकिटावर लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम असतं, नव्यावर लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटॅरम. शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये या कुळाची नव्यानं विभागणी केली, जिवाणू तोच. तो सामू झपाट्यानं खाली आणतो. बुकनेरी नावाचा दुसरा जिवाणू थोडं लॅक्टिक आम्ल मोडून अ‍ॅसिटिक आम्ल करतो, आणि अ‍ॅसिटिक आम्ल यीस्टला दाबून ठेवतं. उघडल्यावर माल गरम होण्याची तक्रार असेल तर बुकनेरी असलेलं कल्चर घ्या. पण त्याचं काम सावकाश चालतं. दीड-दोन महिने पिशवी बंद ठेवली तरच उपयोग. तिसऱ्या आठवड्यात पिशवी फोडणाऱ्यानं त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत.

आणि पाणी. एका गावात सलग दोन वर्षं चार घरांचा मुरघास बिघडला. कल्चर वेगवेगळं, मका वेगळा, भरणारी माणसं वेगळी. सारखं काय, तर ग्रामपंचायतीचा नळ. पावसाळ्यात टाकीत टीसीएल पावडर पडते, त्याच ताज्या पाण्यात कल्चर कालवलं जात होतं. जंतू मारायला टाकलेलं क्लोरीन आपल्या जिवाणूंनाही मारतं. विहिरीचं पाणी घ्या, किंवा नळाचं पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून सकाळी वापरा. उन्हात तापलेल्या ड्रमातलं पाणी नको. कालवलेलं द्रावण सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. चौथ्या घरानं पुढच्या वर्षी फक्त पाणी बदललं आणि त्यांचा माल चांगला निघाला.

ओल

यापुढच्या तपासण्या पुढच्या हंगामासाठी आहेत, भरलेल्या पिशवीत ओल दुरुस्त होत नाही.

कुट्टी मुठीत घट्ट दाबा, अर्धा मिनिट धरा, मूठ उघडा. बोटांतून रस गळला तर ओल फार आहे. गोळा झटक्यात सुटून पडला तर कोरडं आहे. गोळा हळूहळू फुलत सुटला, हात दमट झाला पण ओघळ आला नाही, तर भरा. पक्कं हवं असेल तर घरच्या छोट्या काट्यावर १०० ग्रॅम कुट्टी मोजा, कडक उन्हात पातळ पसरा, वजन हलायचं थांबेपर्यंत वाळवा. उन्हात वाळवलेल्यात थोडी ओल उरतेच, म्हणून शेवटी ३३ ते ३८ ग्रॅम राहिलं तर योग्य. २५ राहिलं तर कापायची घाई झाली.

ओल जास्त असली की क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू वाढतात, खवट वास येतो तो त्यांचा. कमी असली की माल दाबला जात नाही, हवा अडकते आणि बुरशी येते. कल्चर दोन्हीकडं तेच, निकाल वेगवेगळे.

नेपियर गवत भरणाऱ्यांनी जास्त सांभाळावं. त्यात पाणी भरपूर आणि साखर कमी. कापून तीन-चार तास वावरातच सुकू द्या आणि टनाला १० ते २० किलो गूळ पाण्यात विरघळवून कुट्टीवर शिंपडा. साखर नसेल तर जिवाणू आम्ल कशाचं करणार?

दाब

एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दीड मीटर उंच पिशवीत साधारण एक टन ओला माल बसला पाहिजे. सात क्विंटलच बसला तर उरलेली जागा हवेनं घेतली. त्या हवेवर कापलेला चारा श्वास घेत राहतो, साखर जाळतो, तापतो. जिवाणूंसाठी ठेवलेला डबा असा आधीच रिकामा होतो. कुट्टी १ ते २ सेंटिमीटरची असावी. लांब तुकडे दबत नाहीत. मशीनची पाती बोथट झाली की तुकडे फाटके, लांब येतात, म्हणून पात्याला धार लावणं हे मुरघासाचंच काम समजा. प्रत्येक वीतभर थरानंतर तुडवा, कोपरे विशेष करून. बहुतेक बुरशी कोपऱ्यातच सापडते, कारण माणूस मधोमध नाचतो.

वावरातलं पीक

शेवटची तपासणी सर्वांत अवघड, कारण ती सुधारायला एक हंगाम जातो. मक्याचं कणीस मधोमध मोडा आणि दाण्यावर पिवळ्या आणि दुधाळ भागातली रेघ बघा. ही रेघ दाण्याच्या बाहेरच्या टोकाकडून आत अर्ध्यापासून दोनतृतीयांशापर्यंत उतरली की कापा. पेरणीपासूनचे दिवस मोजून कापणारे फसतात. पावसाची उघडीप आणि ऊन दर वर्षी सारखं नसतं.

अमेरिकन लष्करी अळी २०१८ पासून आपल्या मक्यात आहे. तिनं पोखरलेल्या कणसात फ्युजॅरियम बुरशी उभ्या पिकातच शिरते. तिचं विष कुट्टीबरोबर पिशवीत येतं आणि मुरल्यानंही जात नाही. म्हणून गुलाबी-पांढरी बुरशी लागलेली कणसं आधीच वेगळी काढा. पावसानं आडवा पडलेला, चिखल लागलेला मका वेगळा भरा, त्यात क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू मातीबरोबर आलेले असतात. कापणी जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर ठेवा. बुडखा सोडला म्हणून हळहळू नका.

ज्वारीबद्दल एकच, पण ते मनावर घ्या. पाण्याच्या ताणानं सुकलेल्या, कोवळ्या किंवा फुटव्याच्या ज्वारीत किराळ असते, म्हणजे सायनाइडचं विष. मुरवल्यानं ते विष कमी होतं, पण पूर्ण जाईलच असं धरू नका. फुलोऱ्यानंतरचीच ज्वारी भरा.

इथं थांबा, डॉक्टरांना बोलवा

जनावरानं एक दिवस पूर्ण खाणं सोडलं, पोट फुगलं, ताप आला, एक कान किंवा ओठ लोंबू लागला, गोल-गोल फिरू लागलं, किंवा गोठ्यात एकापाठोपाठ दोन गाभण जनावरं गाभडली, तर घरगुती तपासणी बंद. मुरघास तात्काळ थांबवा, वाळलेला कडबा आणि स्वच्छ पाणी द्या आणि पशुवैद्यकाला बोलवा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक मोफत लागतो. ज्वारी खाऊन जनावर थरथरत पडलं असेल तर मिनिटं मोलाची आहेत. किराळीवर शिरेतून देण्याचं औषध असतं आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं असतं. बाटलीनं तेल, ताक पाजू नका. अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या ते फुप्फुसात जातं. गाभडलेलं वासरू आणि वार उघड्या हातानं उचलू नका, आणि त्या गोठ्यातलं दूध उकळल्याशिवाय घरात कोणी पिऊ नये.

मात्र बुरशीच्या विषावर उकळण्याचा इलाज चालत नाही. जनावराच्या पोटात गेलेलं बुरशीचं विष अ‍ॅफ्लाटॉक्सिन बदललेल्या रूपात दुधात उतरतं आणि उकळून जात नाही. म्हणूनच दुधात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम एवढी बारीक ठरवलेली आहे. बुरशीच्या रंगावरून विष आहे की नाही ते मला ओळखता येत नाही, तुम्हालाही येणार नाही. ते प्रयोगशाळेचं काम आहे. आणि फक्त मुरघासावर ठपका ठेवू नका. ओलसर कोपऱ्यात ठेवलेली सरकीची ढेपही तपासणीला द्या, अ‍ॅफ्लाटॉक्सिन तिथं जास्त वेळा सापडतं. दूध उतरलं की बाजारातली यीस्टची किंवा प्रोबायोटिकची पावडर सुरू करणारे बरेच आहेत. ती पोटातली पचनक्रिया सावरायला मदत करते, पण खराब चारा चालूच ठेवून तिच्यावर पैसे घालवू नका.

खोल खड्ड्यातला मुरघास असेल तर भरल्यावर पहिले तीन आठवडे त्यात उतरू नका. आंबताना निघणारे वायू हवेपेक्षा जड असतात, तळाशी साचतात. पिवळसर-तपकिरी धूर दिसला तर तो विषारी आहे. दिसला नाही तरी कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. आत कोणी बेशुद्ध पडलं तर त्याच्यामागं उडी मारू नका, मदत बोलवा.

डॉक्टर येईपर्यंत नमुना घेऊन ठेवा. पिशवीच्या पाच-सहा जागांहून मिळून एक-दोन किलो, त्यात फक्त बुरशीचा गोळा नको, जनावरानं खाल्लं तसं मिश्रण हवं. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि फ्रिजमध्ये ठेवा. वर पिशवी भरल्याची तारीख, उघडल्याची तारीख, कोणत्या जनावराला रोज किती किलो दिलं आणि पहिलं लक्षण कोणत्या दिवशी दिसलं, एवढं लिहा. अकोल्याच्या किंवा नागपूरच्या पशुवैद्यक संस्थेत नमुना पाठवायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण ही चिठ्ठी सोबत असेल तर त्यांना कुठं शोधायचं ते कळतं. बाकीच्या पिशव्या तोपर्यंत फोडू नका.